माहेरचा मका

दिल्लीतले घरमालक भाड्यानं घर देण्याआधी नोकरी विचारतात, मांसमच्छी खाता का विचारतात, पाहुणे फार येतात का तेही विचारतात. आमच्या घरमालकांनी मला विचारलं, "गावाहून धान्य येतं का तुमच्याकडे?" मी हो म्हणाले. सासूबाई लातूरहून ज्वारी आणि तूर पाठवतात, असंही मोठ्या अभिमानानं सांगितलं. अशा वेळी परमुलखात भेटलेला मराठी माणूस "वा, वा" म्हणतो. हे म्हणाले, "किडकं नसेल, कबूल. पण आजारी नाही कशावरून?"

त्या दिवशी मी पिवळा कुर्ता घालून गेले होते. त्यांनी घर दाखवलं, नळ सोडून दाखवले, विजेचा मीटर दाखवला. गच्ची बघू का म्हटल्यावर मात्र ते जिन्यात आडवे उभे राहिले.

"पिवळ्यात नाही. पिवळ्या रंगावर मावा येतो. झाडांचा रस पिणारे बारीक किडे. कुर्त्यावर बसून आत येतील."

पुढच्या रविवारी मी निळा कुर्ता घालून गेले. "निळ्यावर फुलकिडे येतात," ते म्हणाले. मी चिडून परतच निघाले होते. तेवढ्यात आतून त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आल्या आणि त्यांनी मला आपला एक जुना करड्या रंगाचा गाऊन दिला. तो कुर्त्यावर चढवून मी गच्ची पाहिली, आणि घर पसंत केलं ते खरं तर काकूंमुळे.

दिल्लीच्या टोकाला असलेल्या द्वारकेतल्या त्या जुन्या सोसायटीत तिसरा मजला आणि त्यावरची गच्ची काका-काकूंची होती. दुसरा मजलाही त्यांचाच, तिथे मी आणि माझा नवरा. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. परदेशातून देशात येणारं बियाणं तपासायचं आणि रोगट असेल तर आत येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. त्यातही त्यांचा खास विषय म्हणजे मका, आणि मक्याच्या बियातून पसरणारे विषाणू. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पण तपासायला बियाणं कुठून मिळणार? मग त्यांनी आम्हाला तपासायला सुरुवात केली.

सासूबाईंचं पार्सल आलं की काका खालीच पोस्टमनला गाठायचे. ज्वारी ताटात पसरून भिंगातून बघायचे आणि मूठभर घेऊन वर जायचे. गच्चीवर बारीक पांढऱ्या जाळीचा एक तंबू होता, दोन दारांचा. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, चपला बाहेर, हात साबणानं धुतलेले. सोसायटीत त्यांचं नावच 'मच्छरदानीवाले अंकल' पडलं होतं. सेक्रेटरी एकदा तक्रार घेऊन वर आले होते. "अंकलजी, छत पे आप सोते हो क्या?" काका म्हणाले, "मैं नहीं, पौधे सोते हैं." सेक्रेटरी पुन्हा कधी वर आले नाहीत.

त्यांच्या टोमॅटोच्या कुंड्यांवरून झालेला किस्सा तर सगळ्या सेक्टरला ठाऊक होता. गच्चीवरची टाकी गळायला लागली म्हणून प्लंबर आला. त्याच्या बोटांना विडीचा वास येत होता. तंबाखूतला विषाणू विडीतून बोटांवर येतो, बोटांवरून टोमॅटोला लागतो, आणि दुधानं हात धुतले तर मरगळतो, हे काकांचं शास्त्र. त्यांनी काकूंकडून दुधाचं पातेलं मागवलं आणि त्या बिचाऱ्याचे दोन्ही हात दुधानं धुतले. खाली जाऊन प्लंबरनं सगळ्या मार्केटमध्ये सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरचे अंकल फार मोठे आदमी आहेत, मला जावयासारखं वागवलं. त्यानंतर आमच्या घरचा नळ नुसता कुरकुरला तरी तो धावत यायचा. दूध गेलं म्हणून काकू मात्र दोन दिवस कोरा चहा पीत होत्या, आणि काकांनाही तोच पाजत होत्या.

मेट्रो स्टेशनखाली भुट्टेवाला बसायचा. काका त्याच्याकडे रोज थांबायचे, कणसाची सालं उलटीपालटी करून बघायचे आणि विचारायचे, "बीज कहाँ का है?" त्यानं सुरुवातीला खरी उत्तरं दिली, मग "मंडी का" म्हणायला लागला आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "अंकलजी, ऊपरवाले का है. नींबू लगाऊँ?" विकत मात्र काकांनी एकही भुट्टा घेतला नाही. मक्यावर आयुष्य काढलेल्या या माणसाला मका आवडायचा नाही, दातात अडकतो म्हणून.

दरवर्षी जानेवारीत दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायची. त्या वर्षी काका-काकू आणि आम्ही दोघंही गेलो. स्मारकापाशी सगळे डोकं टेकत होते, कुणाचे डोळे भरून आले होते, आणि काका गायब. शोधलं तर पलीकडच्या उसात वाकून ते पानांची खालची बाजू बघत होते. उसाचा आणि मक्याचा मोझॅक रोग एकाच घराण्यातला, त्यामुळे ऊस दिसला की त्यांना राहवायचं नाही. शेताचा मालक काठी घेऊन आला. त्यानं पांढरे केस बघितले, हातातलं भिंग बघितलं आणि काठी खाली केली. "ताऊ, गन्ना चूसना है तो बोल दे, शरमा क्यों रहा है?" काकांनी त्याला अर्धा तास मोझॅक समजावला. बस त्यांच्यासाठी थांबून राहिली. काकू खिडकीतून कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "लग्नातसुद्धा हे आधी मांडवाची केळी तपासून आले होते."

काकू पहाडगंजला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज खणखणीत. काकांना त्या 'अहो' म्हणायच्या, पण त्या 'अहो'तसुद्धा बाकावर उभं राहण्याची शिक्षा असायची.

मला एकदा खरंच कुतूहल वाटलं म्हणून मी काकांना विचारलं, "दाणा नुसता बघून कळत नाही का आजारी आहे ते?"

"नाही कळत. दिसायला सगळे सारखे. टपोरे, चकचकीत. आई आजारी असली तरी सगळी पोरं आजारी निघत नाहीत. कणसातल्या एखाद्याच दाण्यात रोग उतरतो. उरलेले ठणठणीत. तो एखादा कुठला, हे दाण्याला विचारायचं असेल तर पेरून विचारायचं."

"मग औषध लावून पेरलं तर?"

"बुरशीला औषध आहे. विषाणूला नाही. तो दाण्यात झोपलेला असतो. पेरलं की रोप उठतं, त्याबरोबर तोही उठतो. पानावर फिकट पट्टे येतात, झाड खुजं राहतं. एकच झाड. शेतकरी म्हणतो, एकानं काय होतंय? मग मावा येतो, त्या झाडाचा रस पितो नि शेजारच्यावर जाऊन बसतो. आपल्या सोसायटीत बातमी पसरते तसंच. एकीनं ऐकलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्लॉकला कळतं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"संशय आला की लॉट जाळायचो. अख्खा. कुणाचाही असो." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. केवढ्या केवढ्या लोकांचे फोन आले, कसे हातापाया पडले, कसे धमकावले, आणि भट्टी कशी पेटली, हे ते मी ऐकलेलं असलं तरी पुन्हा सांगायचे.

आता मूळ गोष्टीकडे येते. काकूंच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता, त्यात पांढरा मका. काकूंचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याच्या बाजूला. लग्न होऊन दिल्लीला निघताना आईनं लुगड्याच्या पदरातून सोडून त्यांना हा मका दिला होता. काकू दर पावसाळ्यात गच्चीच्या कठड्याशी, तंबूच्या बाहेर, मोठमोठ्या कुंड्यांत तो लावायच्या. कणसं यायची, थोडी खायची, थोडी बियाला ठेवायची. माहेरी आता तो मका उरला नव्हता. भावानं कधीच हायब्रीड धरलं होतं, शेजारपाजारच्यांनीही. काकू म्हणायच्या, "आई गेली, घर बदललं, आता माहेर म्हणून एवढा डबा आहे."

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकवांची रेलचेल असते. सवाष्णींना काहीतरी वाण द्यायचं, आणि दिल्लीत वर्षानुवर्षं ते वाण म्हणजे प्लास्टिकचा डबा. माझ्याकडे असे डबे इतके झाले होते की डब्यात डबे ठेवून तेही एका डब्यात ठेवले होते. त्या वर्षी काकूंनी ठरवलं की वाण म्हणून माहेरचा मका द्यायचा. छोट्या कापडी पिशव्या शिवल्या, आत मूठ मूठ दाणे. "कुंडीत लावा. होळीनंतर ऊन तापलं की मस्त येतो." बायका खूश झाल्या. द्वारकेतल्या होत्या, नोएडाच्या एक बाई होत्या, छावणीत राहणारी एका सुभेदारांची बायको होती, मी होते. आम्ही सगळ्यांनी हौसेनं पेरला.

काकांनीही पेरला, पण आपल्या तंबूत. त्यांना तपासायला काही नव्हतं, सासूबाईंची ज्वारी संपली होती, म्हणून रिकामा वेळ घालवायला त्यांनी काकूंच्या डब्यातून ओंजळ घेतली. संशय म्हणून नाही. बायकोच्या माहेरच्या दाण्यावर कोण संशय घेतं?

एका सकाळी ते जिन्यात माझ्यासमोर आले तेव्हा चष्मा हातात होता आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "जरा वर ये," म्हणाले. मी पिवळी साडी नेसले होते, ऑफिसला निघाले होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, तेव्हाच मला भीती वाटली.

तंबूत रोपांच्या ओळीत एक रोप फिकट होतं. पानावर हिरव्या-पिवळट तुटक रेघा. बाकीची बहुतेक सगळी ताठ, हिरवीगार.

"मोझॅक," काका म्हणाले. "जाळीच्या आत मावा येऊ शकत नाही. म्हणजे हा बाहेरून आला नाही. दाण्यातून आला."

मग ते उलट्या बादलीवर बसले. "दरवर्षी ही म्हणायची, आमच्या मक्यात दोन-चार खुजी झाडं निघतातच, आळशी असतात. मी हसायचो. जगभरचा मका मी पेरून विचारला, आणि घरातल्या दाण्याला एकदा विचारलं नाही."

त्यांची एक विद्यार्थिनी अजून त्याच कामात होती. तिच्याकडे पान पाठवलं. तिनं फोन केला तेव्हा काका फक्त "हं" म्हणाले, आणि मला म्हणाले, "सगळा परत मागवायचा."

प्रश्न कुंड्यांचा नव्हता. आमच्या सेक्टरांच्या पलीकडे नजफगढच्या बाजूला अजून शेतं आहेत, तिथे चाऱ्यासाठी ज्वारी आणि मका लावतात. उन्हाळ्यात वारा सुटला की मावा उडतो. वीस बाल्कन्यांतल्या वीस कुंड्यांतून तो तिकडे गेला, तर कुणाच्या तरी म्हशींचा चारा जायचा, आणि तो आपल्यामुळे गेला हे त्या माणसाला कधी कळायचंही नाही. काका हे सांगताना अजिबात विनोदी दिसत नव्हते.

मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी निरोप टाकायचा होता. मी केंद्राच्या एका मंत्रालयात अनुवादक, म्हणून काकांनी मजकूर सांगायला घेतला, "सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की हळदीकुंकू समारंभात वितरित झालेले वाण तात्काळ प्रभावाने मागे घेण्यात येत आहे." मी म्हटलं, असं लिहिलं तर बायका वकील घेऊन येतील. साधं लिहिलं. उत्तरादाखल सतरा नमस्काराचे हात आले, दोन फुलं आली, एकीनं 'शुभ सकाळ' पाठवलं, आणि मका कुणीही परत केला नाही. शेवटी रविवारी आम्हीच निघालो, काका, मी आणि एक पोतं.

छावणीच्या फाटकावर जवानानं विचारलं, "किससे मिलना है?"

"मक्के से," काका म्हणाले.

सुभेदारांच्या घरापर्यंत पोचायला बराच वेळ गेला. वहिनी साताऱ्याकडच्या. क्वार्टरमागे त्यांनी आळं करून मका लावला होता, गुडघाभर आलेला, तरारलेला. "काका, पोरासारखा वाढवलाय हो," त्या म्हणाल्या.

"पोर आजारी असतं तर दवाखान्यात नेलं असतं, वहिनी. ह्याला दवाखाना नाही."

वहिनींनी काकांना हात लावू दिला नाही. पदर खोचला आणि स्वतः एकेक झाड उपटून पोत्यात टाकलं. मग आम्हाला जबरदस्तीनं पोहे खायला लावले. फौजी माणसांचं हे असं असतं, हुकूम पटला नाही तरी पाळतात आणि वर खायला घालतात.

नोएडाच्या बाईंचं तसं नव्हतं. त्या चौदाव्या मजल्यावर राहायच्या. "माझ्याकडे उगवलाच नाही," त्यांनी दारातच सांगितलं. काका पाणी मागायच्या निमित्तानं बाल्कनीत गेले. तिथे फरशीवर कुंडीच्या आकाराचा गोल ओला डाग होता. ते सरळ बाथरूमकडे वळले. आत शॉवरखाली मका उभा होता.

"हे शोचं झाड आहे," बाई म्हणाल्या.

"शोचं झाड बाथरूममध्ये लपवत नाहीत, बाई."

"आणि एवढ्या वर तो तुमचा मावा येतो होय? चौदावा मजला आहे हा!"

"तो वाऱ्यावर येतो. त्याला लिफ्ट लागत नाही."

"मग आधी दिलंत कशाला? बायकोनं वाण द्यायचं नि नवऱ्यानं पोतं घेऊन न्यायला यायचं, ही कुठली पद्धत? बिल्कुल गलत बात आहे ही!" बाई अगदी बरोबर बोलत होत्या. काकांनी मान खाली घालून झाडं पोत्यात भरली. परतताना मेट्रोत त्यांच्या हातात पोतं होतं आणि पोत्यातून मक्याची पानं बाहेर आली होती. दोघांनी उठून त्यांना दोन सीट दिल्या.

बाहेरचा मका गोळा झाला आणि जाळून झाला. प्रश्न उरला डब्याचा.

"लॉट जाळावा लागेल," काका म्हणाले.

"लॉट म्हणू नका," काकू म्हणाल्या. "माझ्या आईनं पदरातून सोडून दिलेलं आहे ते. तुमच्या बंदरावर उतरलेलं नाही."

"नियम सगळ्यांना एकच असतो."

"तुम्हीच म्हणता ना, एखाद्याच दाण्यात असतो रोग? मग बाकीच्यांचा काय गुन्हा?"

"ते कुठले, हे दिसत नाही ना!"

काकूंचा आवाज एकदम खाली आला. "मग जाळून काय दिसणार आहे?" असं म्हणून त्या आत गेल्या, आणि त्या दिवसापासून काकांशी बोलेनाशा झाल्या. एकाच टेबलावर बसून त्या मला म्हणायच्या, "ह्यांना सांग, चहा निवतोय." काका मला म्हणायचे, "तिला सांग, घेतो." ऑफिसात मी हिंदीचं इंग्रजी करायचे आणि घरी आल्यावर मराठीचं मराठी करायचे.

आठवडाभरानं काकूंनीच तोड काढली. माझ्यामार्फत विचारलं, "माणसानं हा मका खाल्ला तर काही होतं का?" काही होत नाही, विषाणू झाडांचा आहे, माणसाला त्याचं काही नाही, असं माझ्यामार्फत उत्तर गेलं. पीठ झालेला दाणा उगवतो का? नाही. "मग जाळायचा नाही. खायचा. ज्यांना वाण दिलं त्यांना सगळ्यांना बोलवायचं. माझ्या आईचा मका भट्टीत जाणार नाही, माणसांच्या पोटात जाईल." काकांनी फळीवरचा डबा खाली काढला. शास्त्रात ते बसत होतं.

डबा घेऊन काका आणि मी मार्केटमधल्या चक्कीवर गेलो. एक दाणाही बाहेर राहता कामा नये म्हणून काका तिथे उकिडवे बसले आणि सांडलेले दाणे वेचून परत टाकू लागले. चक्कीवाला वैतागला. "अंकलजी, सब पिस गया. अब क्या मशीन भी पीस दूँ?" पण सगळं पिसलं नव्हतं. डबा ओतण्याआधी काकांनी आत हात घातला होता, मूठभर दाणे काढले होते आणि पँटच्या खिशात टाकले होते. मी ते बघितलं आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"काय बघतेस? सॅम्पल आहे. अधिकाऱ्याला सॅम्पल ठेवावंच लागतं."

रस्त्यात ते आपणहूनच म्हणाले, "एकेक दाणा वेगळ्या कुंडीत. प्रत्येकावर वेगळी जाळी. प्रत्येकाचं पान तपासायचं. जे रोगट निघेल ते जाळायचं. निरोगी राहतील त्यांचंच बी धरायचं. खात्यात एवढी उठाठेव कुणासाठी केली नसती. वेळही नव्हता, परवानगीही नव्हती."

"मग काकूंना सांगा ना!"

"नाही. सगळीच रोगट निघाली तर? किंवा ऊन मारून गेलं तर? एकदा तिच्या हातून डबा काढून घेतलाय. आशा दाखवून दुसऱ्यांदा काढून घ्यायचा नाही. तूही सांगायचं नाहीस."

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल एकदम मायाही वाटली. सांगून टाकलं असतं तर निदान त्यांच्या घरात बोलणं तरी सुरू झालं असतं.

भाकऱ्यांच्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. नोएडाच्या बाईही आल्या. पांढऱ्या मक्याच्या भाकऱ्या, भरीत, ठेचा. काकू गॅसपाशी उभ्या राहून थापत होत्या आणि आईच्या गोष्टी सांगत होत्या, आई कणसं कशी टांगायची, कुठलं कणीस बियाला ठेवायचं हे वजनावरून कशी ओळखायची. सांगता सांगता रडल्या, डोळे पुसले, भाकरी उलटली. काकांच्या ताटात त्यांच्याकडे न बघता भाकरी वाढली. मका दातात अडकतो म्हणणाऱ्या त्या माणसानं खाली मान घालून ती सगळी खाल्ली.

"तिला सांग, छान झाली आहे," ते मला म्हणाले.

"त्यांना सांग, आता परत मिळणार नाही," काकू म्हणाल्या.

त्यानंतर काकू गच्चीवर जायच्या बंद झाल्या. वाळत घालायचे कपडे बाल्कनीत घालू लागल्या. काकांचं त्यानं फावलं. शिंप्याकडून त्यांनी जाळीच्या लांबोळक्या पिशव्या शिवून घेतल्या. शिंप्यानं विचारलं, "अंकल, ये किसकी पोशाक है?" तंबूत एकेक कुंडी, प्रत्येकीवर अंगरखा. दुपारी काकू झोपल्या की काका चोरपावलांनी पाणी घालायला वर जायचे. उन्हाळा वाढत चालला होता. एका संध्याकाळी आंधी आली, सगळ्या द्वारकेवर धूळ पसरली, आणि काका भर धुळीत तंबूचा बांबू धरून उभे राहिले. खाली येताना भुतासारखे पांढरे झाले होते. काकूंनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मला हाक मारून म्हणाल्या, "ह्यांना सांग, आधी तोंड धुवा."

तपासायच्या पानांचे तुकडे मी डब्यातून त्या विद्यार्थिनीकडे नेऊन देत होते, ऑफिसला जाता जाता. मेट्रोच्या तपासणीत सुरक्षावाल्या बाईनं एकदा डबा उघडला. "मॅडम, लंच में घास?" मी डाएट आहे म्हणाले. ती हळहळली.

पहिल्या वेळी काही पानं रोगट निघाली. काकांनी ती झाडं मुळासकट काढली, माती भाजली, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या वेळी आणखी एक निघालं. झाडं कंबरेएवढी झाल्यावर त्यांनी उरलेल्या सगळ्यांची पानं शेवटची पाठवली. तुरे आले की दाणे धरण्यासाठी पिशव्या काढाव्या लागणार होत्या, त्याआधी उत्तर हवं होतं.

विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मे महिन्यातली भर दुपार होती. सुट्टीचा दिवस, मी त्यांच्याकडेच लोणच्याची बरणी परत द्यायला गेले होते. काका फोनवर "हं" म्हणाले, मग "सगळी?" म्हणाले. फोन ठेवून मला म्हणाले, "काकूंना वर घेऊन ये." आणि जिना चढून गेले.

काकू झोपेतून उठल्या होत्या, चिडल्या होत्या. "काय नाटक आहे? पाय भाजतात गच्चीवर," असं म्हणत माझ्या मागून आल्या. तंबूची दोन्ही दारं उघडी होती. काकांनी स्वतः, आयुष्यात पहिल्यांदाच, दोन्ही दारं एका वेळी उघडी टाकली होती. आत जाळीच्या अंगरख्यांतून मका उभा होता, रुंद पानांचा, गर्द हिरवा, एकाही पानावर रेघ नसलेला.

काकू दारात थांबल्या. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. खोडाशी तांबूस छटा असलेला तो मका त्यांनी आख्खं आयुष्य लावला होता. त्यांचा हात जाळीवर गेला आणि तिथेच राहिला. काकांना काहीतरी सांगायचं होतं, ते मघापासून जुळवाजुळव करत असावेत. पण ऐनवेळी त्यांनी झारीच उचलली आणि कुंडीत पाणी घालायला लागले.

"अहो!" काकू कडाडल्या. माझ्याकडे न बघता, सरळ त्यांच्याकडे बघून. "भर दुपारी पाणी घालतं का कुणी? मुळं शिजतील माझ्या आईच्या मक्याची!"

काकांनी झारी त्यांच्यापुढे धरली.

"मग तूच घाल," ते म्हणाले.